मैदानातला माणूस : मरहूम युसूफ मेहेरअली

दरवर्षी ऑगस्ट महिना उजाडला की आपल्या वसई-विरार भागातील शाळांतून प्रभातफेरीची तयारी सुरू होते. मुले कागदी झेंडे करतात, घोषणा पाठ करतात, आणि त्या घोषणांत छोडो भारत, चले जाव हे शब्द हमखास असतात. बी. एड. च्या सराव पाठाच्या वेळी सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले होते की, सर, हे शब्द प्रथम कोणाला सुचले? मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, महात्मा गांधींना. उत्तर चुकीचे होते. माझे मलाच ते पुढे दोन वर्षांनी कळले, आणि तेव्हा त्या मुलाला शोधून सांगण्याची सोय उरली नव्हती. ती चूक दुरुस्त करण्याची संधी या स्मरणिकेच्या निमित्ताने मिळत आहे, म्हणून हा लेख.

तो शब्द देणाऱ्या गृहस्थांचे नाव युसूफ मेहेरअली. मुंबईच्या एका सुखवस्तू खोजा व्यापारी घराण्यात २३ सप्टेंबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. घरात कशाची ददात नव्हती. अशा घरातील मुलाने शिकावे, पेढीवर बसावे किंवा वकिली करावी आणि सरकारदरबारी मान मिळवावा, ही त्या काळची रीत. आजही आपल्या घराघरांतून मुलांबद्दल यापेक्षा फार वेगळी अपेक्षा केली जाते असे नाही, आणि ती अपेक्षा गैर आहे असेही मी म्हणणार नाही. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १९२५ साली बी. ए. झाले. इतिहास आणि अर्थशास्त्र हे त्यांचे विषय. त्यानंतर ते सरकारी लॉ कॉलेजात दाखल झाले. इथपर्यंत सारे रीतीप्रमाणे चालले होते.

परंतु कॉलेजच्या दिवसांतच या तरुणाला एक वेगळा नाद लागला होता. माणसे गोळा करण्याचा. चार विद्यार्थी एका ठिकाणी बसले की त्यांतून सभा कशी उभी राहील, सभेतून मिरवणूक कशी निघेल, मिरवणुकीतून संघटना कशी बांधता येईल, याचा विचार त्यांच्या डोक्यात सतत चालू असे. भाषण करणारे पुढारी त्या काळी पुष्कळ होते. परंतु मैदान मिळवणे, पत्रके छापणे, स्वयंसेवक नेमणे, कोणी कोठे उभे राहायचे ते ठरवणे, पोलीस आले तर काय करायचे याची आधी तालीम देणे, ही कष्टाची आणि बिननावाची कामे करणारे थोडेच असतात. मेहेरअलींनी भाषणेही केली, परंतु त्यांचा खरा पिंड संयोजकाचा होता. तीनशे मुलांची साधी प्रभातफेरी वेळेवर शाळेच्या फाटकाबाहेर काढताना आम्हा शिक्षकांची जी दमछाक होते ती ज्याने अनुभवली आहे, त्याला या गुणाची किंमत सांगावी लागणार नाही.

१९२८ साली मुंबईत यूथ लीग ही तरुणांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापकांत मेहेरअली प्रमुख होते. त्याच सुमारास इंग्रज सरकारने सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले होते. हिंदुस्थानला पुढे कोणते राजकीय हक्क द्यायचे याचा विचार करण्यासाठी ते येणार होते, आणि त्याच्या सात सभासदांत एकही हिंदी माणूस नव्हता. आपल्या घराचा हिशेब परक्याने येऊन करावा आणि घरातल्या एकालाही जवळ बसू देऊ नये, असा तो प्रकार. देशभर संताप उसळला. कमिशन मुंबई बंदरात उतरणार होते ३ फेब्रुवारी १९२८ रोजी. तो शुक्रवार होता.

यूथ लीगच्या तरुणांचा पहिला बेत असा होता की, होड्या घेऊन समुद्रातच जावे आणि बोटीला तेथेच काळी निशाणे दाखवावीत. या बेताची कुणकुण पोलिसांना लागली. दुसरा कोणी असता तर बेत फसला म्हणून धक्क्याबाहेरच्या रस्त्यावर उभा राहून घोषणा देऊन परतला असता. मेहेरअलींनी दुसरी युक्ती काढली. धक्क्यावर पहाटेपासून कोणाला सहज प्रवेश मिळतो? हमालांना. तेव्हा मेहेरअली आणि त्यांचे सोबती हमालांचा वेष करून धक्क्यावर शिरले. सायमन आणि त्यांचे सहकारी उतरले तेव्हा त्यांच्यासमोर काळी निशाणे फडकली आणि सायमन गो बॅक ही घोषणा घुमली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. मेहेरअलींनाही मार बसला. त्या वेळी त्यांचे वय होते चोवीस वर्षे.

सायमन गो बॅक हे शब्द मेहेरअलींचे. ते मुंबईपुरते राहिले नाहीत. कमिशन ज्या ज्या शहरात गेले तेथे तेथे ही घोषणा त्याच्या आधी जाऊन पोहोचली. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी लाहोरला कमिशनविरुद्ध निघालेल्या मिरवणुकीचे नेतृत्व लाला लजपतराय यांनी केले. तेथे झालेल्या लाठीमारात ते जखमी झाले आणि १७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून आपण शिकवतो. ती घोषणा मुंबईच्या धक्क्यावर हमालाच्या वेषातील एका मुसलमान तरुणाने रचली होती, हे शिकवायचे मात्र राहून जाते.

या साऱ्याची किंमत द्यावी लागली. १९२९ साली ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना वकिलीची सनद नाकारली. कारण त्यांच्या राजकीय चळवळी. राजकारणात असलेल्या इतर कित्येक वकिलांना सनद होती, त्यांची वकिली चालू होती. या तरुणाला ती मिळाली नाही. येथे मी पालकवर्गास थोडे थांबण्याची विनंती करतो. आपला मुलगा शिकून, परीक्षा देऊन, पदवी घेऊन घरी आला आणि त्याला कळले की या पदवीचा आता पोटापाण्यासाठी काही उपयोग नाही, तर आपण त्याला काय म्हणू? आपण त्याला माफी मागून सनद मिळवायला सांगू, अशीच माझी समजूत आहे. मी स्वतः बाप या नात्याने कदाचित तेच सांगेन. मेहेरअली त्या वाटेने गेले नाहीत. वकिलीचे दार बंद झाल्यावर त्यांनी आपले सर्व आयुष्य सार्वजनिक कामाला दिले.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या वसई तालुक्यातील लोकांना मिठाचा कायदा म्हणजे काय हे निराळे समजावून द्यावे लागत नसे. मिठागरे आपल्या दारातच. समुद्राचे पाणी, आपलेच ऊन, आपलेच हात, आणि कर मात्र सरकारचा. त्या सत्याग्रहात मेहेरअलींना चार महिन्यांची शिक्षा झाली. १९३२ साली पुन्हा पकडले गेले. या वेळची शिक्षा दोन वर्षांची होती. तुरुंगातून सुटल्यावर १९३४ साली जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन आदी मंडळींबरोबर त्यांनी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला. पक्षाच्या तात्त्विक चर्चांत येथे शिरत नाही. एवढेच सांगतो की, शेतकरी, गिरणी कामगार आणि विद्यार्थी यांना स्वराज्याच्या लढ्यात आणावयाचे असेल तर त्यांच्या भाकरीचा प्रश्नही त्या लढ्यात आला पाहिजे, असे या मंडळींचे म्हणणे होते.

१९३८ साली अमेरिकेत जागतिक युवक परिषद भरली. हिंदुस्थानातून गेलेल्या प्रतिनिधी मंडळाचे नेते मेहेरअली होते. या प्रवासात त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. चालू घडामोडींवर सामान्य वाचकाला परवडतील अशी लहान पुस्तके पाश्चात्त्य देशांत सर्रास मिळत होती. आपल्याकडे तसे काहीच नव्हते. परत आल्यावर त्यांनी पद्मा पब्लिकेशन्समार्फत अशा पुस्तिकांची माला सुरू केली. त्यांनी स्वतःही लिहिले. लीडर्स ऑफ इंडिया, अ ट्रिप टू पाकिस्तान, द प्राइस ऑफ लिबर्टी ही त्यांची पुस्तके. परंतु त्यांच्या लेखनाकडेही मला संयोजकाचे काम म्हणूनच पाहावेसे वाटते. मैदानात आलेला माणूस संध्याकाळी घरी जातो. जाताना त्याच्या हातात वाचायला काहीतरी असावे, अशी ही दृष्टी.

त्या काळात त्यांना दोन बाजूंनी तोंड द्यावे लागत होते, हे सांगितले नाही तर चरित्र अपुरे राहील. सरकार त्यांना बंडखोर समजत होते. दुसरीकडे मुस्लिम लीगचा जोर वाढत चालला होता आणि काँग्रेसमध्ये राहणारा मुसलमान हा आपल्याच लोकांत परका ठरत होता. मेहेरअलींनी आपला धर्म लपवला नाही आणि त्याचे भांडवलही केले नाही. धर्माच्या नावावर देश वाटून घेण्याची कल्पना त्यांना मान्य नव्हती. अशा माणसाला टाळ्या कमी मिळतात. सभेत दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. आपल्यापैकी ज्यांनी मोहल्ल्यात आणि मोहल्ल्याबाहेरही काम केले आहे त्यांना हा अनुभव नवा नाही.

आता १९४२ साल. मेहेरअली त्या वेळी लाहोरच्या तुरुंगात होते. तेथे असतानाच मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. सुटून आल्यावर ते निवडूनही आले. वय अडतीस. तोपर्यंतच्या महापौरांत ते सर्वांत तरुण होते. दिवस युद्धाचे होते. मार्च महिन्यात रंगून जपानच्या हाती गेले होते, आणि बॉम्ब कधी पडेल या धास्तीने मुंबईचे लोक गावाकडे निघाले होते. अशा वेळी ज्याला सरकारने आतापर्यंत तुरुंगातच ठेवले तो माणूस शहराचा पहिला नागरिक झाला. पुढे काय वाढून ठेवले आहे हे सर्वांनाच दिसत होते. महापौराच्या खुर्चीवर त्यांना फार तर चार महिने मिळाले.

त्या उन्हाळ्यात इंग्रजांना शेवटचा इशारा देण्याचा विचार गांधीजींच्या मनात पक्का होत होता. त्यासाठी घोषणा हवी होती. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे शब्द सुचवले. असे सांगतात की, एकाने सुचवलेला शब्द गांधीजींना उद्धट वाटला म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. मग मेहेरअलींनी क्विट इंडिया हे दोन शब्द कोरलेले एक धनुष्य गांधीजींना भेट दिले आणि ते शब्द पसंत पडले. त्या शब्दांत शिवी नाही, विनवणी नाही. इंग्रजांच्याच भाषेतले, इंग्रजांना ताबडतोब कळणारे. शाळकरी मुलाला पाठ होतील आणि कोळशाने भिंतीवर लिहिता येतील इतके लहान.

शब्द मिळाला म्हणून काम संपत नाही. मेहेरअलींनी लगेच क्विट इंडिया याच नावाची पुस्तिका काढली. ती थोड्याच आठवड्यांत संपली. हजारावर बिल्ले तयार करून घेतले. बिल्ला ही वस्तू दिसायला किती क्षुल्लक! परंतु ज्याने छातीवर बिल्ला लावला तो आगगाडीत, ट्राममध्ये, बाजारात जाईल तेथे न बोलता घोषणा देत राहतो. ज्याला भाषण करता येत नाही त्यालाही लढ्यात भाग घेता येतो. माझ्या मते ही कल्पना एखाद्या मोठ्या भाषणाच्या तोडीची आहे.

७ आणि ८ ऑगस्टला गोवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले आणि ८ तारखेच्या रात्री ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी, रविवारी पहाटे, गांधीजींसह सर्व प्रमुख पुढाऱ्यांना पकडण्यात आले. मुंबईचे महापौरही पकडले गेले. सकाळी त्याच मैदानावर पोलिसांच्या देखत अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकवला. पुढारी तुरुंगात आणि मैदान लोकांच्या हाती, असे ते दृश्य होते. त्यानंतर देशात जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आपल्यापासून फार दूर जायला नको. अवघ्या पाच दिवसांनी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरला मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच तरुण हुतात्मे झाले. पालघर स्टेशनजवळच्या हुतात्मा चौकातून आपण नेहमी जातो-येतो. त्या मोर्चाच्या ओठांवर जी घोषणा होती ती मुंबईच्या महापौराने दिलेली होती, आणि त्या दिवशी तो महापौर गजाआड होता.

तुरुंगात मेहेरअलींना हृदयविकाराचा झटका आला. प्रकृती ढासळली तेव्हा सरकारने त्यांना मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात हलवून खास उपचार देण्याची तयारी दाखवली. त्यांच्याबरोबर आणखी दोन कैदी आजारी होते. त्या दोघांनाही हीच सोय मिळावी, अशी मेहेरअलींनी मागणी केली. ती नाकारण्यात आली. तेव्हा त्यांनी स्वतःही रुग्णालयात जाण्याचे नाकारले. आजार शरीरात राहिला तो कायमचाच. १९४३ साली सुटका झाली, परंतु पूर्वीचे ते धावपळ करणारे शरीर परत आले नाही.

हा प्रसंग मी वर्गात दोन-तीनदा सांगितला आहे. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले की, सर, त्यांनी उपचार घेतले असते तर ते जास्त जगले असते आणि जास्त काम करता आले असते, मग त्यांनी केले ते बरोबर का? वर्गात बराच वेळ वाद झाला. निम्मा वर्ग एका बाजूला, निम्मा दुसऱ्या. तास संपल्याची घंटा झाली तरी निकाल लागला नाही. मलाही तो लावता आलेला नाही.

स्वातंत्र्य आले, त्याबरोबर फाळणीही आली. जे होऊ नये म्हणून मेहेरअलींनी आपल्याच समाजाचा रोष पत्करला तेच डोळ्यांदेखत झाले. मार्च १९४८ मध्ये समाजवादी मंडळी नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेसमधून बाहेर पडली. मेहेरअली त्यांच्याबरोबर होते. सत्ता आता जुन्या सोबत्यांच्या हाती होती आणि हे पुन्हा विरोधी बाकावर. शरीर साथ देत नव्हते तरी काम सुरूच होते.

२ जुलै १९५० रोजी त्यांचे निधन झाले. वय होते शेहेचाळीस. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मुंबई शहर दुपारी काही मिनिटे जागच्या जागी थांबले. बसगाड्या थांबल्या, ट्राम थांबल्या, लोकल गाड्यासुद्धा थांबल्या. शाळा, कॉलेजे, दुकाने, गिरण्या बंद राहिल्या; शेअर बाजार उघडला नाही. ज्यांचा दिवस लोकल गाडीच्या वेळापत्रकावर चालतो त्या आपल्या विरार, नालासोपारा, वसईच्या लोकांना मुंबईच्या गाड्या थांबणे म्हणजे काय ते सांगायला नको. पाऊस किंवा बिघाड नसताना, एका माणसाच्या आदरासाठी त्या थांबल्या होत्या. त्या वेळी ते मंत्री नव्हते, त्यांच्याकडे सत्तेचे कोणतेही पद नव्हते.

१९६१ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी युसूफ मेहेरअली सेंटर ही संस्था स्थापन केली. डॉ. जी. जी. परीख यांनी २०२५ साली निधन होईपर्यंत तिच्यासाठी आयुष्य वेचले. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेलच्या पुढे तारा गावी संस्थेने दवाखान्यापासून कामाला आरंभ केला; पुढे तेलघाणी, साबण, कुंभारकाम असे ग्रामोद्योग उभे राहिले. शाळेची सहल नेहमीच किल्ल्यावर किंवा जलक्रीडा उद्यानात न्यावी असा काही नियम नाही. एखाद्या वर्षी तारा गावाचा विचार व्हावा, अशी माझी व्यवस्थापनास सूचना आहे.

मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. घाऊक बाजाराची ती गर्दीची वस्ती. आपल्यापैकी कितीतरी दुकानदार माल आणायला तेथे जातात आणि बिलावर छापलेला पत्ता म्हणूनच ते नाव वाचतात.

गोवालिया टँकला आता ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. दर ९ ऑगस्टला सकाळी गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून या मैदानापर्यंत पदयात्रा काढण्याचा प्रघात अनेक वर्षे चालत आला आहे. चौपाटीसाठी चर्नी रोड आणि मैदानासाठी ग्रँट रोड, अशी दोन्ही स्थानके आपल्याच पश्चिम रेल्वेवर आहेत. विरारहून पहाटेची गाडी धरली तर वेळेवर पोहोचता येते. नववी-दहावीच्या ज्या विद्यार्थ्यांना यायचे असेल त्यांनी पालकांची लेखी संमती घेऊन जुलै अखेरपर्यंत माझ्याकडे नाव द्यावे. डबा आणि पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची आहे. बिल्ले आपण शाळेतच, पुठ्ठ्याचे, हाताने करणार आहोत.